उंबऱ्याबाहेर आणि मुळासकट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

क्षयरोगावरच्या आपल्या परवाच्या बातमीत ‘इलिमिनेट’ आणि ‘इरॅडिकेट’ या दोन्ही क्रियापदांना ‘निर्मूलन’ हा एकच शब्द छापलाय. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून राहवलं नाही.

इरॅडिकेट लॅटिनमधून आलं. त्यात ‘रॅडिक्स’ म्हणजे मूळ. रॅडिशही त्यातलाच. आपला मुळा मुळावरून, त्यांचा रॅडिश रॅडिक्सवरून, एवढं फळ्यावर लिहिलं की पोरं हा शब्द विसरत नसत. नाहीतर ‘इरेज’शी गल्लत व्हायची आणि फळा ‘इरॅडिकेट’ केल्याची वाक्यं वहीत यायची. इलिमिनेटमध्ये ‘लिमेन’ आहे, म्हणजे उंबरा. इलिमिनेट म्हणजे उंबऱ्याबाहेर काढणं, इरॅडिकेट म्हणजे मुळासकट उपटणं.

भाताच्या भांगलणीला आई मला शेजारच्या ओळीत बसवायची. लव्हाळा वरून ओढला की पात हातात येते, गाठ मातीतच राहते. आई माझी मूठ उघडून बघायची. गाठ नसली तर म्हणायची, “हे काढलं न्हाईस, कापलंस. आठ दिसात परत येतंय बघ.” खुरप्याचं टोक खाली घालून काळी गाठ वर आली की मगच पुढं सरकायचं. शेजारच्या वाफ्यातल्या कानडी बायका त्यालाच ‘बेरु समेत’ म्हणायच्या.

आजवर दोनच रोगांची अशी गाठ निघालीय. माणसांतली देवी आणि जनावरांतली बुळकांडी. देवीचा नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण 1977 मध्ये सोमालियात सापडला, 8 मे 1980 रोजी जग देवीमुक्त जाहीर झालं. बुळकांडीची घोषणा 2011 मध्ये झाली. माझ्या दंडावर देवीचे वण आहेत. मुलाच्या दंडावर बीसीजीचा आहे, देवीचा नाही, कारण ती लस लागेनाशीच झाली.

पोलिओचं तसं नाही. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याचा. 27 मार्च 2014 रोजी देशाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. पुढच्याच वर्षी मी गावच्या अंगणवाडीत पोलिओ बूथवर मदतीला होतो. एक बाई तान्ह्याला कडेवर घेऊन दारातच थांबल्या. “सर, निर्मूलन झालं म्हणून पेपरात आलतं न्हवं? मग थेंब कशाला?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. शब्द त्यांनी बरोबर वाचला होता, छापणाऱ्यानं चुकीचा छापला होता. मी म्हटलं, “बाई, रोग आपल्या उंबऱ्याबाहेर गेलाय, पाकिस्तान-अफगाणिस्तानात अजून आहे. दार उघडं राहिलं तर परत आत येतोय.” त्यांनी बाळाचं तोंड उघडलं. दोन थेंब पडले. पण किती बायका न विचारताच घरी बसल्या असतील, ही टोचणी मला आजही आहे.

महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यात ‘क्षयरोग दूरीकरण’, ‘हत्तीरोग दूरीकरण’ असं रूढ आहे. इलिमिनेशनला तो शब्द चपखल बसतो. आमच्याकडं सरकारी कागद कानडीत येतात. त्यामुळं मराठी माणूस आरोग्याची बातमी तुमच्याच पानावर वाचतो आणि तिथं छापलेला शब्द प्रमाण धरतो. पुढच्या बातमीपासून क्षयरोगाला ‘दूरीकरण’ छापावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव