प्रमाणपत्रानंतरचे पन्नास चेहरे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लग्नसराई तोंडावर आली की तीन महिन्यांत ब्रायडल मेकअप शिकवणाऱ्या वर्गांच्या जाहिराती गावोगावी झळकू लागतात. वर्गांत शिकवतात ते चुकीचे असते असे नाही. पण बहुतेक ठिकाणी मुली एकमेकींच्याच चेहऱ्यावर हात बसवतात. विशीतली, नितळ त्वचेची तीच सहा-सात तोंडे. मग पहिल्या कामाला नवरीची आई समोर येऊन बसते. गालांवर वांग, डोळ्यांखाली काळे, पापणी सैल पडलेली. तिथे हात थबकतो. पैसे घेऊन नवरीचा पहिला मेकअप करण्याआधी निदान ५० वेगवेगळे चेहरे हाताखालून गेले पाहिजेत, असे आमचे ठाम मत आहे.

यातले वीसेक तर घरातच मिळतात: आई, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, दाढीचे खुंट असलेला भाऊ. वांगावर फिकट कन्सीलर (डाग झाकायचे दाट क्रीम) थापला की डाग झाकला न जाता राखाडी दिसतो, कारण खालचा काळपट रंग फिकट थरातून वर डोकावतो. आधी नारिंगी करेक्टर (डागाचा काळपटपणा मारणारे रंगीत क्रीम) लावावा, तोही मुगाच्या दाण्याएवढा, फक्त डागावर आणि बोटाने टिपून. त्यावर त्वचेच्याच छटेचे फाउंडेशन पातळ लावावे. छटा मनगटावर पाहू नये. जबड्याच्या कडेला तीन पट्टे ओढून खिडकीच्या उजेडात बघावे आणि दहा मिनिटे थांबावे, कारण काही फाउंडेशन हवा लागल्यावर गडद होतात. जो पट्टा दिसेनासा होतो, तो आपला.

सरावाची सर्वांत उपयोगी रीत म्हणजे अर्धा-अर्धा चेहरा. डावीकडे एक प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर), उजवीकडे दुसरा. बाकी सगळे सारखे. मग पंखा बंद करून चार तास त्या काकूंना घरातली कामे करू द्यावीत. पाण्याच्या बेसचे फाउंडेशन सिलिकॉनच्या प्रायमरवर कसे फाटते, नाकाच्या बाजूला पावडर कशी गोळा होते, हे तेव्हाच कळते. फोटो तीन काढावेत: खिडकीच्या उजेडात, फ्लॅश मारून आणि चार तासांनी. सिलिकाची पांढरी पावडर जास्त झाली असेल तर साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, फ्लॅशमध्ये मात्र डोळ्यांखाली पीठ सांडल्यासारखे उमटते. फिल्टर लावलेला फोटो शिकणाऱ्याच्या काहीच कामाचा नाही.

आपल्याकडच्या लग्नाची म्हणून काही अवघड जागा आहेत, त्यांचा सराव वेगळा करावा लागतो. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर आणि कानशिलांशी घासतो, तिथला थर पातळ ठेवून पावडरने नीट बसवावा. दाबाची नथ नाकपुडीवरचा मेकअप खरवडते. सरावाच्या वेळी खरोखर नथ घालून तासभर ठेवून पाहावी. होमाच्या धुराने डोळ्यांना पाणी येते, म्हणून खालच्या पापणीला काजळ जपूनच. पाणी मारलेला गजरा माळण्याआधी झटकला नाही तर मानेवर ओघळ येतात. आदल्या दिवशीची हळद तर पुष्कळांना चकवते. ती साध्या पाण्याने पुरती जात नाही, तेलात सुटते. म्हणून त्याच रात्री तेलाच्या क्लिन्झरने हलक्या हाताने काढायला सांगावे. सकाळी घासाघाशी केली की चेहरा लाल होतो आणि त्यावर सगळे रंग चुकतात. शिवाय घड्याळ लावून काम करावे. केस, चेहरा आणि नऊवारी मिळून अडीच तासांत होत नसेल, तर सकाळच्या मुहूर्ताचे काम अजून घेऊ नये.

फुकट सराव असला तरी स्वच्छतेत सूट नाही. लिपस्टिक थेट ओठांवर फिरवायची नाही. स्पॅच्युलाने स्टीलच्या पॅलेटवर काढून ब्रशने लावायची. मस्काऱ्याची कांडी दर डोळ्याला नवी. पॅलेट आणि स्पॅच्युला ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. ९९ टक्क्यांचे लगेच उडून जाते, जंतू मरायला वेळच मिळत नाही. ब्रश धुतल्यावर केस खाली येतील असे तिरके वाळवावेत, नाहीतर पाणी दांड्यात उतरते आणि गोंद सुटून केस गळतात. खोट्या पापण्यांचा डिंक आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा; लॅटेक्सची ॲलर्जी असलेली व्यक्ती भेटतेच. आणि डोळे आलेले असतील त्या माणसाला त्या दिवशी हातच लावू नये.

उरलेल्या तीस चेहऱ्यांसाठी आम्ही नाटकाकडे बोट दाखवू. शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा इथे रंगभूषेला माणसे नेहमीच कमी पडतात. राज्य नाट्य स्पर्धेत तर रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिकही आहे. एका प्रयोगात आठ-दहा चेहरे होतात, म्हातारे, पोलीस, राजे सगळे. क्रेपची, म्हणजे वेणी घालून मिळणाऱ्या खोट्या केसांची, दाढी लावायला तिथेच शिकता येते. वेणी उलगडून, ओली करून, ताणून वाळवायची. बेस न लावलेल्या कोरड्या त्वचेवर स्पिरिट गमचा (खोटे केस त्वचेला चिकटवायच्या डिंकाचा) पातळ थर द्यायचा, बोटाने टिपून चिकट होऊ द्यायचा, मग हनुवटीखालून सुरुवात करून थर वर चढवत जायचे, कौले घालतात तसे. वरून खाली लावली की प्रत्येक थराची कड दिसते. काढताना रिमूव्हरनेच, ओढली तर कातडी सोलते. प्रकाशयोजनाकाराशी आधी बोलावे. लाल दिव्यात गालांचा लाल रंग नाहीसा होतो, हिरव्या दिव्यात तोच काळपट दिसतो.

मुलींसाठी चित्रपटाचे दारही आता उघडे आहे. महिलांना मेकअप आर्टिस्ट म्हणून सभासदत्व नाकारणारा आणि महाराष्ट्रात पाच वर्षांचे वास्तव्य मागणारा चित्रपटांतल्या मेकअप आर्टिस्टांच्या संघटनेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी चारू खुराणा प्रकरणात रद्द केला. तरी आत शिरायचे तर आधी कोणाची तरी मदतनीस म्हणूनच.

म्हणून आमच्या तीन मागण्या. वर्गचालकांनी प्रमाणपत्रावर विद्यार्थिनीने किती चेहरे केले, किती वयाचे, हे लिहावे. पालकांनी फी भरण्याआधी तेच विचारावे. आणि ज्येष्ठ कलाकारांनी मदतनीस मुलीकडून सहा-सहा महिने केवळ ब्रश धुऊन घेऊ नयेत. तिला येण्याजाण्याचे भाडे द्यावे आणि पहिल्याच महिन्यापासून करवलीचा निदान एक चेहरा पूर्ण तिच्या हाती सोपवावा.

आपले,
रंगभूषा शिकवणारे काही जण, पुणे