पुरातून वाचवलेली गाडी

पुणे, रविवार, रात्रीचे साडेदहा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मी 'गाडी विकूया' एवढंच म्हणाले आणि बाबांनी फोन आईच्या हातात दिला. म्हणून लिहितेय. हातात आलेला कागद बाबा शेवटपर्यंत वाचतात, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा.

मागच्या आठवड्यात गाडी बघायला मी ज्या मुलाला घेऊन आले होते त्याच्याशी बाबा एक शब्द बोलले नाहीत. पेपर तोंडासमोर धरून बसून राहिले. त्यामुळे अंगणात काय झालं ते तुम्हाला कळलंच नाही. त्याने आल्या आल्या बॉनेट उघडायला सांगितलं नाही. मागचं दार उघडलं, सीटबेल्ट पार टोकापर्यंत ओढून काढला आणि पट्ट्याचा जो भाग एरवी कधी बाहेर येतच नाही तो बोटांनी चाचपला, नाकाशी नेला. मग मॅट उचलून खालचं कार्पेट तळव्याने दाबून पाहिलं. काय शोधतोयस, म्हटलं. तर म्हणाला, "ताई, एमएच ०९ नाहीतर एमएच १०, कोल्हापूर-सांगलीचं पासिंग म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न हाच. पुरात होती का?"

तेव्हा मी त्याला २०१९ सालचा ऑगस्ट सांगितला. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरायच्या आदल्या रात्री बाबा दोन वाजता उठले, गाडी मामांकडे चढावर नेऊन लावली, वर ताडपत्री बांधली आणि भिजत परत आले. तोवर आई एकटी फ्रिजखाली पाट सरकवायला बघत होती. फ्रिज गेला. गव्हाचं पोतं गेलं, माझी प्रगतिपुस्तकं गेली (त्यांचं तेवढं दुःख नाही). गाडीच्या टायरला चिखल लागला नाही. आई, हे तू आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवतेस, आणि तुझा तो हक्कच आहे. पण त्या मुलाने सगळं ऐकून घेतलं, बेल्ट झटक्यात न सोडता हाताने धरून हळूहळू आत जाऊ दिला, आणि मगच बॉनेटकडे वळला. त्याच क्षणी मी मनात ठरवलं, द्यायची तर यालाच.

बाबा, त्याला गाडीतलं कळतं. ई२२०, पेट्रोल, पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडल्या गेलेल्या पहिल्या मर्सिडीजपैकी, हे त्यालाच मला सांगायचं होतं. त्याने एसी किती गार होतो ते विचारलं नाही, इंजिनचं वायरिंग कधी बदललं ते विचारलं. त्या वर्षांतल्या वायरींवरचं आवरण उष्णतेने पापडासारखं मोडतं ना? २००९ चं बिल आईने फायलीत लावून ठेवलं होतं, ते दाखवल्यावर त्याचा चेहरा बघायला हवा होता. एकच वायपर लांब-आखूड होत काच पुसतो ते त्याने तीनदा चालवून पाहिलं. लहानपणी पावसात मी मागच्या सीटवरून तेच बघत बसायचे.

आता जरा कडू लागेल असं. गाडी तुम्ही जपलीत, पण चालवली नाहीत. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण कडेला आकडा आहे २३१७, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. आईच्या वहीत पेट्रोलची शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची आहे. त्यात हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांचं इथेनॉल आपल्याच गाडीच्या नळ्या खातंय म्हटल्यावर बोलायचं कुणाला! दर रविवारी कपडा मारून हे थांबत नाही, बाबा.

शिवाय येत्या नोव्हेंबरात आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, मुदत संपते. १९९६ पासून पंधरा वर्षं आणि मग पाच-पाच वर्षांनी तीनदा. मागच्या खेपेला नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती, आता वीस वर्षांपुढच्या कारला दहा हजार झाली आहे. पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीला न्यायची ती वेगळी. तिथवर नेणार कोण? तुमचं लायसन संपलंय, हे तुम्हीही जाणता. व्हिंटेजमध्ये घालावी म्हणाल तर त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. तेव्हा तुम्ही नव्व्याण्णव वर्षांचे असाल. असावंतच, पण गाडी तोवर वाट बघत उभी राहायची नाही.

इथल्या एका एजंटाने त्या मुलापेक्षा चाळीस हजार जास्त देऊ केले. रोख, आणि गाडी उद्याच उचलतो म्हणाला. फक्त गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या द्यायच्या, नाव पुढची पार्टी मिळाली की चढवू. मी नाही म्हटलं. नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. गाडी तीन हात फिरली आणि कुठे अपघात झाला, तरी भरपाईला आरसीवर ज्याचं नाव तोच जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. फाउंड्रीत सही करायच्या आधी प्रत्येक चलान दोनदा वाचायचात, आता या वयात कोऱ्या कागदावर सही नको.

मुलगा साडेचार लाख देतोय. कमीच आहेत, मान्य. तेवढ्या पैशात शेड झाली असती असं आई १९९६ मध्ये म्हणाली होती ती रक्कम आता काढूच नका. त्याने एक अट घातली आणि मी दोन. त्याची अट, फाईल आणि आईची वही गाडीबरोबर द्यायची. माझ्या अटी म्हणजे पैसे खात्यावर, आणि किल्ली ताब्यात द्यायच्या आधी त्याच्या नावाचा अर्ज आरटीओत दाखल. नंबर बदलत नाही बरं का. एमएच ०९ च राहणार.

पण सौदा मी करणार नाही. मी केला तर ते तुमच्यामागे उरकल्यासारखं होईल. तुम्ही बसा त्याच्यासमोर, हवी तेवढी किंमत वाढवून मागा, त्याला पन्हाळ्याच्या चढावर घेऊन जा. तुम्ही डावीकडे बसायचं. गिअर कुठे बदलायचा ते सांगितल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाहीच. मागच्या बंपरला फाटकाच्या खांबाचा जो पोचा आलाय तोही आपणच दाखवायचा. तो म्हणाला, दिसला मला, पण काका सांगतात का ते बघत होतो.

येत्या शनिवारी आम्ही सकाळी निघू, अकरापर्यंत पोचतो. त्याला जेवायला थांबवायचंय, पांढरा रस्सा कर.

आणि आई, त्याला दोन्ही किल्ल्या लागतील. खांबाचं प्रकरण झाल्यापासून दुसरी किल्ली सापडत नाही असं तू बाबांना सांगतेस. ती आता भाजणीच्या डब्यामागून काढून ठेव.

तुमची,
धाकटी