टोपण

सोलापूर,
बुधवार

चि. वैशूस अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळच्या हुतात्मानं तुम्ही गेलात. पोरांनी खिडकीतून हात हलवला, तू हलवला नाहीस. मोबाईलमध्ये बघत होतीस. गाडी हलली तेव्हा एकदा वर बघितलंस, तेवढंच. अण्णा म्हणाले, तिची झोप झाली नसेल. मी काही बोलले नाही.

व्हॉट्सॲपवरच लिहिणार होते. पण तिथं मी चार ओळी लिहिते आणि तू अंगठा पाठवतेस. शेजारचा बंड्या उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालाय, त्याच्याजवळ शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या देतेय. त्याच पिशवीत हे पत्र. तेल लागलं तर लागू दे.

तुझा हा समज झालाय की सलाईनची सुई लावायचा सराव करताना माझा हात सुजवलास म्हणून मी ओरडले. तसं नाही गं. चौसष्ट वर्षांच्या बाईची शीर ती, पळणारच. असल्या हातावर मीसुद्धा दोनदा हुकले असते आणि मग दुसऱ्या सिस्टरला हाक मारली असती. तुला तर दुसऱ्यांदा मिळाली. निळं इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची प्लास्टिकच्या नळीची सुई, बावीस नंबरची. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून धरलीस, मागं रक्त दिसल्याबरोबर सुई आडवी केलीस आणि नुसतं प्लास्टिक पुढं सरकवलंस. २०१५ नंतर पहिल्यांदा! मला भरून आलं होतं. तेवढ्यात तू टोपण उचललंस. एका हातात सुई, दुसऱ्या हातात टोपण.

मी काय बोलले ते माझ्या लक्षात आहे. "असलं करायलीस तर घरीच बस, पोरं सांभाळ." पोरांसमोर बोलले, सचिनरावांसमोर बोलले. ओरडले त्याचं मला वाईट वाटत नाही, पण ते वाक्य माझ्या तोंडून जायला नको होतं. दहा वर्षं तू तेच वाक्य दुसऱ्यांकडून ऐकत आलीस हे मला माहीत होतं, तरी बोलले. माफ कर.

टोपणाचं मी आता पुन्हा काढणार नाही.

सोमवारपासून ड्युटी. जनरल वॉर्ड दिलाय हे बरं झालं. आयसीयू मिळालं नाही म्हणून हिरमुसू नकोस. जनरल वॉर्डात दिवसाला वीस बीपी घेशील, दहा सलाईन लावशील, हात तिथंच सुटतो. पहिले आठ दिवस कुणी विचारलं, "येतं ना सिस्टर?" तर मान डोलावू नकोस. सरळ सांग, गॅप आहे, एकदा माझ्यासमोर करून दाखवा. तुझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पोरगी असेल ती, तिलाच विचार. नाकातून पोटात नळी टाकायची असेल तर टाकण्याआधी मनात एकदा मोजून घे, नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत. हात थरथरला तर थरथरू दे, पेशंट तुझ्या तोंडाकडे बघत असतो.

शकूमावशीच्या नर्सिंगच्या शाळेत त्या प्लास्टिकच्या बाहुल्यावर तू छाती दाबत होतीस तेव्हा मी दारात उभी होते. तुम्ही शिकलात तेव्हा आधी श्वास बघायचा, मग छाती. आता आधी छाती. तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच सेंटिमीटर तरी खाली. तुझा वेग बरोबर होता, पण दाबून झाल्यावर छाती पूर्ण वर येऊ देत नव्हतीस. हे तिथंच सांगायचं होतं, सगळ्यांसमोर नको म्हणून राहून गेलं.

सलाईनच्या थेंबांचं गणित तू टाळतेस. म्हणालीस, आता पंप असतात. असतील. मी निवृत्त होईपर्यंत आमच्या वॉर्डात एक आला होता, तोही कपाटात. पण पंपात आकडा तूच घालणार ना? पाचशे एमएल चार तासांत द्यायचं, सेटचे एमएलला वीस थेंब, तर पाचशे गुणिले वीस भागिले दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला बेचाळीस थेंब. सेट कुठला आहे ते पाकिटावर वाचायचं, मायक्रोचे एमएलला साठ असतात. इन्शुलिनची बाटली एमएलला चाळीस युनिटची आहे की शंभरची ते दोनदा वाचायचं. चाळीसला लाल टोपणाची सिरिंज, शंभरला केशरी. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये भरलंस तर अडीच पट जातं, आणि पेशंट पहाटे घामानं भिजलेला सापडतो.

बघ, फिरून टोपणावरच आले.

मी लेक्चर द्यायला लागले की तू लहानपणी कानात बोटं घालायचीस. आत्ताही घातली असशील. तुला यातलं सगळं येतं हे मला ठाऊक आहे. थर्ड इयरला उन्हाळ्यात, जुलाबानं सुकलेल्या त्या आठ महिन्यांच्या बाळाला पिवळं चोवीस नंबर तू लावलंस. डॉक्टरांना मिळत नव्हती ती शीर. तुमच्या ट्यूटरनं मला लक्ष्मी मार्केटात गाठून सांगितलं होतं. मी नुसतं "हो का" म्हटलं आणि मेथी निवडत राहिले. घरी येऊन अण्णांना तीनदा सांगितलं. तुला सांगितलंच नाही कधी, डोक्यात हवा जाईल म्हणून. आमच्या वेळच्या आया अशाच. आणि चौथीत तू डॉ. कोटणीसांवर भाषण केलं होतंस, आठवतं? जन्म १९१०, गाव सोलापूर, १९३८ साली चीनला गेले. सगळं धडाधड. मी विचारलं होतं, त्यांची चिनी बायको नर्स होती हे बाईंनी सांगितलं का? नव्हतं सांगितलं. मग तू गॅदरिंगला ते तुझ्या मनानं घातलंस. बाई चिडल्या, मला लाडू करावेसे वाटले.

आता जे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते ते लिहिते.

१९९६ साल. तू सहा वर्षांची होतीस. माझी नाईट होती. तेव्हा काचेच्या सिरिंजा जाऊन प्लास्टिकच्या यायला लागल्या होत्या, आणि सुईला टोपण लावून ठेवणं हाच नीटनेटकेपणा होता. आम्हाला तसंच शिकवलेलं. उघडी सुई ट्रेमध्ये ठेवली की इन्चार्ज सिस्टर बोलायच्या. पहाटे साडेतीन-चार वाजले असतील. ट्रकवरचा माणूस होता, ताप उतरत नव्हता. इंजेक्शन दिलं, टोपण लावायला गेले, ते हुकलं आणि सुई डाव्या हाताच्या पहिल्या बोटात गेली. इवलासा थेंब आला. धुतला आणि पुढच्या खाटेकडे गेले. चार दिवसांनी त्या माणसाचा रिपोर्ट आला. काय आला ते तुला लिहायला नको.

तेव्हा मला कुणी कसली गोळी दिली नाही. सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, एवढंच सांगितलं. अण्णांची मिल तेव्हा बंद पडली होती, घर माझ्या पगारावर होतं. मी कुणाला बोलले नाही. अण्णांना आजही माहीत नाही. हे पत्र ते वाचणार नाहीत, चष्म्याची काडी तुटलीय.

त्या वर्षी मी माझं ताट वेगळं ठेवलं होतं. तू विचारलंस, तर म्हटलं उपवास आहे. ताटानं, मिठीनं काही होत नाही हे मला पक्कं माहीत होतं, वॉर्डात नातेवाइकांना मीच समजावून सांगायचे. तरी तुला कुशीत घेऊन झोपले नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत तू मोठ्या पाळण्याला घाबरून रडलीस आणि मला बिलगायला आलीस. मी तुला अण्णांच्या हातात दिलं. तू त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतीस. परवा खिडकीतून बघितलंस ना, तसंच.

सहाव्या महिन्याचा रिपोर्ट चांगला आला. त्या दिवशी मी सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी तासभर बसले आणि घरी येऊन भांडी घासली. असल्या सुईनं हजारात साधारण तिघांनाच होतं, हे मला पुढं कळलं. हजारात तीन. पण ते सहा महिने मला काही हजारातले वाटले नाहीत.

म्हणून ओरडले गं. तुझा हात काही विसरला असेल तर त्याची मला काळजी नाही, ते आठ दिवसांत येतं. जे विसरला नाही त्याची भीती वाटते. टोपण लावायची ती सवय तू माझ्याच हातांत बघितलीस. लहानपणी पाटीवर बाहुलीला सुई देऊन झाली की तू टोपण लावायचीस, मी कौतुकानं बघायचे. ट्रेनिंगमध्ये लावायचं नाही म्हणून शिकवलं असणार, पण दहा वर्षांनी हात घरचंच करून बसला.

तेव्हा सुई वापरली की टोपण नाही. शेजारी हब कटर, सुई कापायचं यंत्र, हवा, सुई कापायची आणि सोडायची. इंट्राकॅथची सुई सरळ पांढऱ्या डब्यात, तो भोक न पडणारा असतो. एकदा ओढलेली सुई त्याच प्लास्टिकमध्ये परत घालायची नाही, नळी कापली जाते. तू नोकरी सोडलीस आणि पुढच्याच वर्षी, २०१६ ला, कचऱ्याचे नवे नियम आले, पिवळी, लाल पिशवी, पांढरा, निळा डबा, ते भिंतीवरच्या तक्त्यावरून पाठ कर. डबा तीन चतुर्थांश भरला की बदलायला लाव, सफाईच्या मावशींना त्यात हात घालावा लागू नये. हिपॅटायटिस बीचे तीन डोस तुझे झालेत, पण टायटर, म्हणजे त्या लसीचं बळ रक्तात किती उरलंय ते, बघून घे. आणि देव न करो, पण टोचलंच, तर पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि त्याच मिनिटाला इन्चार्जना सांगायचं. ड्युटी संपल्यावर नाही, लाज वाटते म्हणून सकाळी नाही. एचआयव्ही टाळायची गोळी दोन तासांत मिळाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, अठ्ठावीस दिवस घ्यायची. बोलतील ते बोलू देत. मग मला फोन करायचा, कितीही वाजले असले तरी.

झालं, काढणार नाही म्हणून पानभर टोपणच लिहिलं. रागवायचं तर रागव, पण फाडू नकोस.

सचिनरावांना सांग, पोरीच्या शाळेची बस सकाळी त्यांनी बघायची, सकाळच्या ड्युटीला तुला रात्रपाळीकडून ओव्हर, म्हणजे पेशंटचा ताबा, घ्यायला वेळेत पोचायला हवं. त्यांना माझं नाव सांगितलंस तरी चालेल. बूट आधी चार दिवस घरात घालून फीर, नवे बूट पहिल्या दिवशी रडवतात.

हातावरचा निळा डाग आता कडेनं पिवळा व्हायला लागलाय. दिवाळीला येशील तेव्हा उजवा हात घे, त्या हाताची कोपरापाशची शीर सरळ आहे. शकूमावशीकडून इंट्राकॅथ मागवून ठेवते.

नळाला पाणी आलं वाटतं. चार दिवसांनी आलंय, थांबते.

तुझी,
आई

ता. क. चटणीच्या डब्याचं झाकण सैल आहे. ते मात्र दोन्ही हातांनी दाबून लावत जा.