भुऱ्याच्या डॉक्टर मॅडमना, मायच्या वतीने

डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

हे सगळं दवाखान्यात येऊन तुम्हाला सांगावं असं फार वेळा मनात आलं. पण तिथं तुमच्यासमोर कोणाची गाय अडलेली असते, कोणाची बकरी फुगलेली असते, आणि मायचा विषय निघाला की मला अजून नीट बोलता येत नाही. म्हणून लिहितो. चारचौघांनी वाचावं असंच लिहितो. भुऱ्या वाचला एवढं गावाला माहीत आहे. त्याच्यासोबत आणखी कोण वाचलं, ते आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक नाही.

भुऱ्या बाबांचा कुत्रा. चणा भरात आला की आमच्याकडे रात्रीची जागल चुकत नाही. रानडुकरं एका रात्रीत अख्खं वावर उकरून टाकतात, रोह्यांचा म्हणजे नीलगायींचा कळप शिरला तर सकाळी उभं पीक दिसत नाही. बाबा कंदील आणि काठी घेऊन निघाले की भुऱ्या पुढे. डुकरावर तो वेगळा भुंकायचा, माणसावर वेगळा, आणि बाबांना मचाणावर पडल्या पडल्या त्यातला फरक कळायचा. 2018 मध्ये राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात वाघिणीची दहशत होती. 2 नोव्हेंबरला ती मारली गेली, तोवर लोक दिवसासुद्धा एकट्याने वावरात जायला धजत नव्हते. बाबा तेव्हाही जात. कोणी अडवलं तर म्हणायचे, "भुऱ्या हाय न सोबत."

गेल्या वर्षीच्या मृगात बाबा गेले. अटॅकने, अचानक. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, पेरण्या कोणासाठी थांबत नाहीत म्हणून मीही कामाला लागलो. माय मात्र ओसरीवर भिंतीला टेकून बसली ती बसलीच. बोलणं बंद, वावर बंद, जेवण म्हणजे दोन घास. बीपीच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, ती अंगणाच्या बाहेर पाय टाकेना. बहिणी येऊन रडून गेल्या, मावशी राहून गेली. कोणाचं काही चाललं नाही.

भुऱ्याचंही तेच. तो मचाणाखाली पडून राहायचा. मी भाकर नेली की हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. एका संध्याकाळी तो आपणहून घरी आला आणि मायच्या पायाशी अंग टाकून पडला. बराच वेळ तिने पाहिलंच नाही. मग उठली, चुलीपाशी गेली, भाकर आणून त्याच्यापुढे चुरली आणि म्हणाली, "खाय न बाबू, उपाशी कायले मरतं?" कित्येक दिवसांत आम्ही तिचा आवाज ऐकला नव्हता. त्याने खाल्लं नाही. तेव्हा तिने त्यातला एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, जसं लहान पोराला दाखवतात तसा. मग त्याने खाल्लं. त्या दिवसापासून माय भुऱ्यासाठी उठायला लागली. त्याला वावरात जायची ओढ, म्हणून त्याच्या मागे तीही धुऱ्यापर्यंत जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं सुरू झालं, कोणी न सांगता. रात्री तो तिच्या दारात आडवा, म्हणून तिला झोप लागू लागली. बाबांबद्दल ती आमच्याशी बोलत नव्हती, त्याच्याशी बोलायची. मी ऐकलं आहे.

नंतर मी वाचलं की जपानमधल्या आझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये हे मोजून दाखवलं आहे. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या लेकराला एकमेकांशी बांधणारं संप्रेरक ते हेच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र त्यांना तसं आढळलं नाही. म्हणजे हजारो वर्षं आपल्या चुलीजवळ राहून कुत्र्याने ही जवळीक मिळवलेली आहे. शास्त्रज्ञांनी ते लघवीच्या नमुन्यांतून शोधलं, मी ते ओसरीवर बघितलं होतं.

आणि असा हा भुऱ्या पावसाळा सरता सरता आजारी पडला. खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्याफटक, आणि एका सकाळी नाकातून रक्त. माय त्याला मांडीवर घेऊन माझ्या मोटरसायकलवर मागे बसली. ज्या दवाखान्यात आम्ही आधी गेलो, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथला माणूस खुर्चीवरून उठला नाही. दारातूनच म्हणाला, "गावठी आहे ना? गोचीडताप असेल. कशाला पैसे घालता, गल्लीत पन्नास हिंडतात, एखादं धरून आणा."

मॅडम, मला राग याचा येतो की त्याने रोग बरोबर ओळखला होता. तुमच्या तपासणीतही तेच निघालं. म्हणजे ज्ञान कमी नव्हतं. औषधही काही मुंबईहून मागवायचं नव्हतं, डॉक्सिसायक्लिन तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतं. फक्त उठायचं होतं. मायने पदर भुऱ्याच्या तोंडावर घेतला आणि ती पुन्हा गप्प झाली, बाबा गेल्यावर झाली होती तशी. परतताना मला कुत्र्याची जेवढी चिंता होती, त्याहून जास्त तिची होती. गावात एकजण तर म्हणाला, माणसं मरून राहिली अन् तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसले. त्याला काय उत्तर देणार? आमच्या घरी माणूसच मरायला टेकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही काय काय केलं, रक्त कधी काढलं, सलाईन किती लावलं, ते लिहीत बसत नाही. ते तुमच्या वहीत आहे. मला एकच गोष्ट लिहायची आहे.

भुऱ्याला टेबलावर उचलता येईना, तर तुम्ही खाली फरशीवर बसल्या. माय बाजूला, अंग चोरून. तुम्ही तिचा हात धरला, तिची दोन बोटं भुऱ्याच्या मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "मावशी, दाबू नका, नुसती ठेवा. लागते का नाडी?" मायने डोळे मिटले. बराच वेळाने म्हणाली, "लागते. जित्ता हाय." तुम्ही म्हणाल्या, "ही नाडी रोज सकाळ-संध्याकाळ तुम्ही बघायची. गोळी तुमच्याच हातून द्यायची, खाऊ घातल्यावर. आणि फोनवर मला तुम्हीच सांगायचं. मी तुमच्या मुलाला विचारणार नाही."

अर्ध्या मिनिटाचं काम. तुम्हाला आठवतही नसेल.

त्या रात्री माय मला म्हणाली, "तुह्या बाबाले गाडीत घातलं तवा मले कोणी हात लावू देल्ला नाही." खरं होतं. त्या दिवशी घाईघाईत गडीमाणसं गाडीत बसली, बायांनी मायला धरून घरात नेलं, आणि पुढचं सगळं तिला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण तिचा माणूस तिच्या हातातून काढून घेतला गेला होता. आणि तुम्ही, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, तिच्या बोटांखाली एक जिवंत नाडी ठेवून गेल्या.

मग रोजचं सुरू झालं. घड्याळ बघून ठोके मोजायला नातीने शिकवलं. माय फोन लावायची, तुम्ही उचलायच्या, रात्रीही. ती आकडा सांगायची आणि तुम्ही पुढचा प्रश्न विचारायच्या, घाई न करता, तिच्या बोलीत तिला बोलू देत. गोळ्यांचा कोर्स चार आठवड्यांचा होता, एकही गोळी चुकली नाही. गोचीड भिंतीच्या भेगांत लपतात असं तुम्ही सांगितलं, तर तिने स्वतः उभं राहून सगळ्या भेगा लिंपून घेतल्या. नाकाचं रक्त थांबलं, हिरड्यांना लाली आली. आज भुऱ्या म्हातारा झालाय, मचाणापर्यंत धावत नाही, पण चालत जातो आणि माय त्याच्यासोबत. यंदा पऱ्हाटीची वेचणी तिने बायांमध्ये उभी राहून करून घेतली.

तुमची आणखी एक गोष्ट मला फार भावली. कुत्र्यावर जीव आहे म्हणून तुम्ही कुत्र्याला भिणाऱ्यांना हसल्या नाहीत. आमच्या गल्लीत आल्या तेव्हा पोरांना गोळा करून सांगितलं की कुत्रा चावला तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवायची, हळद-मिरची भरायची नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. रेबीज एकदा उमटला की त्यातून माणूस सहसा वाचत नाही, हेही लपवलं नाही. मग भुऱ्यासोबत गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांनाही लस टोचली. ज्या म्हाताऱ्याने आम्हाला नावं ठेवली होती, त्याने दोन कुत्री स्वतः धरून दिली.

आपल्या वऱ्हाडातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी असं सांगता सांगता मुक्या प्राण्यांना अभयही सांगितलं. मुकं जनावर आणि दुःखी माणूस त्यांनी एकाच यादीत का ठेवले, ते मला तुमच्या दवाखान्याच्या फरशीवर कळलं. भला माणूस जनावराशी वेगळा आणि माणसाशी वेगळा वागत नसतो. जो दारातून बोलला तो माझ्या मायशीही दारातूनच बोलला होता.

आता मायचा निरोप. तूर निघाली की वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी करायची आहे. तुम्ही यायचंच, आणि त्या दिवशी भुऱ्याला धरून बसलेल्या शिपाईकाकांनाही आणायचं. माय म्हणते, येताना औषधाची पेटी आणा. भुऱ्याच्या लसीचं वर्षही तोवर भरत येईल, आणि शेजारची नवी पिल्लं तिने आधीच तुमच्या नावावर सांगून ठेवली आहेत.

आपला कृतज्ञ,
यवतमाळ जिल्ह्यातला एक कास्तकार