मनूचे विषय ठरले

मडगाव, ७ जून

ती. बाबा व आई यांना सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "मनूला सीए व्हायचंय तर बी.कॉम.मध्ये वर्षं कशाला घालवते?" रेंज जात होती, म्हणून लिहूनच कळवते.

वर्षं फुकट जात नाहीत. बी.कॉम.ला ५५ टक्के पडले की सीएची पहिली, फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही, थेट पुढच्या इंटरमिजिएटला नाव घालता येतं. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारीही आता तीनऐवजी दोनच वर्षांची.

खरी ओढाताण झाली मायनरवरून. नव्या शिक्षण धोरणात मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा एक निवडावा लागतो. मनूला तिथेही हिशेबाचंच काहीतरी हवं होतं, गुण पडतात म्हणून. मी अडवलं. मी तेच केलं होतं ना! कायदा आणि इंग्रजी पत्रव्यवहार होता होईल तो टाळला. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पुढे त्याची पहिली नोटीस टेबलावर पडली तेव्हा कॉम्प्युटरवरच्या, टॅलीतल्या हिशेबाच्या नोंदी चोख होत्या, पण चार ओळींचं उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. साहेबांनी सगळ्यांदेखत ऐकवलं ते वेगळंच. आता तर १९६१ चा आयकर कायदाही गेला, १ एप्रिल २०२६ पासून नवा लागू. माझी पाठ असलेली कलमं रद्दीत!

शेवटी अर्थशास्त्रावर तडजोड झाली. कायद्याचे पेपर मात्र गाईडवर काढायचे नाहीत, हे कबूल करून घेतलंय.

हिशेबाचं तिला भय नाही, ते तुमच्यामुळे. गणेशचवथीला तुम्ही दुकानाची खतावणी उघडून बसला होता, आठवतं? तेरजेत, म्हणजे जमा-नावेच्या बेरजा जुळवताना, ६३ रुपयांचा फरक. तुम्ही म्हणालात, "नऊने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत." मनूने पानं चाळली आणि एका गिऱ्हाइकाच्या खात्यावर ८१ चे १८ सापडले. अजून मैत्रिणींना सांगत असते.

तीच वही तिला हवी आहे. माळ्यावर असेल तर खाली काढा, पावसात वाळवी धरते. शनिवारी कदंबाच्या बसने येतेय ती. आई, फणसाची साटां तिच्याकडे देऊ नकोस. मागची तिने पणजी स्टँडवरच संपवली.

तुमची,
बाय