रोबसन यांचे मौनही रंगमंचावरच आहे

महोदय,

पॉल रोबसन या कृष्णवर्णीय अमेरिकी गायक-नटाच्या जीवनावरील ‘द टॉलेस्ट ट्री इन द फॉरेस्ट’ या एकपात्री संगीत नाटकाविषयी आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. डॅनियल बीटी यांनी स्वतः लिहून सादर केलेल्या या नाटकात एकच नट चाळीसएक पात्रे उभी करतो, याचे लेखात यथायोग्य कौतुक झाले आहे. १९५० साली अमेरिकी सरकारने साम्यवादाविषयीच्या सहानुभूतीवरून रोबसन यांचे पारपत्र काढून घेतले आणि पुढची आठ वर्षे त्यांना परदेशी कार्यक्रम करता आले नाहीत, हेही त्यात आले आहे. (१९५८ साली त्यांची साठी भारतात साजरी व्हावी म्हणून स्थापन झालेल्या समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला होते आणि अमेरिकी मुत्सद्द्यांची नाराजी असूनही तो समारंभ झाला, एवढी भर घालावीशी वाटते.)

मात्र लेख वाचून रोबसन म्हणजे केवळ अन्याय सोसणारा सत्पुरुष, असे चित्र उभे राहते. नाटककाराला एवढ्यावर थांबायचे नव्हते; त्याने रोबसन यांचे मौनही रंगमंचावर आणले आहे. १९४९ च्या जूनमध्ये रोबसन मॉस्कोला गेले असता त्यांनी आपले मित्र, यिडिश या ज्यूंच्या भाषेतील कवी इट्झिक फेफर यांना भेटण्याचा आग्रह धरला. फेफर तेव्हा सोव्हिएत सरकारच्या कैदेत होते. रोबसन यांच्या मुलाने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, फेफर यांना हॉटेलच्या खोलीत आणण्यात आले. भिंतींना कान असल्याने दोघे मोठ्याने इकडचे तिकडचे बोलत राहिले आणि खरे बोलणे खाणाखुणांनी व चिठ्ठ्यांवर झाले. त्यानंतरच्या मैफलीत रोबसन यांनी फेफर यांचा उल्लेख करून वॉर्सामधील ज्यूंच्या नाझींविरुद्धच्या उठावाशी जोडलेले गीत यिडिशमध्ये गायिले. मायदेशी परतल्यावर मात्र सोव्हिएत रशियात ज्यूंचा छळ होत असल्याचे जाहीरपणे नाकारले. ऑगस्ट १९५२ मध्ये फेफर यांना गोळ्या घालण्यात आल्या.

ज्या अमेरिकी सरकारने आपल्यालाच गुन्हेगार ठरवले त्याच्या हाती कोलीत द्यायचे नाही, हा रोबसन यांचा विचार समजण्यासारखा आहे. १९५६ साली अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने स्टालिनचा विषय काढला तेव्हाही त्यांनी तिच्याशी त्यावर बोलण्यास नकार दिला. तरीही मित्राच्या बाबतीतले ते मौन मला क्षम्य वाटत नाही. एकपात्री प्रयोगात तर छळणारा, छळला जाणारा आणि गप्प राहणारा हे तिघेही एकाच नटाच्या देहातून बोलतात, त्यामुळे प्रेक्षकाला कोणा एकाची बाजू घेऊन निर्धास्त बसता येत नाही. ज्या माणसाची सारी कीर्ती आवाजावर उभी होती, त्याच्यावरील संगीत नाटकात हा न बोललेला भाग सर्वांत कठीण आहे. आपल्या लेखात त्याविषयी एक ओळही नसावी, याचे आश्चर्य वाटले.

आपला,
एक नाट्यरसिक वाचक, ठाणे