बरडावरची खोली

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितो आहे. वावरातली तुमची खोली विहिरीजवळ नाही, बरडावर, त्या मुरमाड जागेवर बांधायची. मिस्त्रीला इसारही देऊन झाला. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

बाबा, आंब्याखालची ती जागा तुम्ही किती वर्षं मनात धरून आहात ते मला ठाऊक आहे. पण वावरातली सगळ्यात भारी काळी माती तिथेच आहे. विहीर खोदताना नऊ फुटांवर मुरूम लागला, हे तुम्हीच सांगता. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतींना सोबत ओढते. त्यात आंब्याची मुळं ओल शोषणार ती वेगळीच. आजीच्या खोलीचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या फटीत मी मे महिन्यात चिंचोके खुपसायचो आणि श्रावणात फट आवळली की ते निघत नाहीत म्हणून रडायचो. आई, तू सुईने एकेक उकरून द्यायचीस.

काळीतही पाया करता येतो, तेही मी विचारून आलो. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशाच मातीसाठी अंडर-रीम पाइलची पद्धत काढली आहे. साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडायचं, तळाजवळ ते अडीचपट रुंद करायचं, सळया टाकून काँक्रीट भरायचं. पण एका खोलीसाठी एवढं यंत्र गावात कोण आणणार? दिवाळीत मी बरडावर खड्डा खणला, तेव्हा दोन फुटांवरच सब्बल खणकन वाजली. पिवळा, घट्ट मुरूम. तिथे तीन फूट पाया पुरे. खाली गिट्टीचं काँक्रीट, वर दगडी बांधकाम, जोत्याला चारही बाजूंनी सळयांचा बीम. जोतं मुरमाने भरायचं, पाणी मारून धुम्मसने ठोकायचं. काळ्या मातीची एक टोपलीही आत जाऊ द्यायची नाही.

खोली आतून 10 बाय 12. तुम्हाला लहान वाटेल. पण तुमच्या दोन बाजा तीन-तीन फुटांच्या, मध्ये चार फूट मोकळे राहतात. रात्री उठताना कुठे अडखळायला नको. सेवाग्रामला बापूकुटी दाखवायला नेलं होतंत तेव्हा, "एवढ्यात सगळं होते, बाप्पा," असं बाबाच म्हणाले होते. पूर्वेला सहा फुटांची छपरी, आईला तूर निवडायला. संडास-नहाणी खोलीला लागूनच, पश्चिमेला, म्हणजे दुपारचं ऊन ती भिंत झेलेल आणि खोली कमी तापेल. उत्तरेला कूलरची खिडकी. कवेलू नको, वांदरं ठेवत नाहीत. स्लॅब टाकू आणि दर उन्हाळ्यात वरून चुना मारू. दोन्ही दारं तीन फुटी ठेवली आहेत, उंबरा नाही. बाज काढता-घालता यावी म्हणून. जोतं दीड फूट आहे, त्याला पायऱ्यांसोबत अठरा फुटांचा उतारही केला आहे. पोती चढवायला बरा पडेल.

"पुण्याला चला" असं आता म्हणणार नाही. आई बारा दिवसांत किती सुकली ते मी पाहिलं. मला तिकडे येऊन राहता येत नाही, हे मला रोज टोचतं. पण पोळ्यानंतर जे झालं, त्यानंतर बाबांनी मचाणावर चढायचं नाही. डुकरं, रोही येऊ देत, दोन तास तूर खाऊ देत. जागल करायचीच तर या खोलीत बसून, टॉर्च घेऊन.

आता ऐका. पाडव्याला आखणी, मृगाच्या आधी स्लॅब. बाबांनी उन्हात उभं राहून देखरेख करायची नाही. दुपट्टा बांधून सकाळी नऊपर्यंत बघा, मग घरी. बीपीची गोळी नाश्त्यानंतर. आई, तू समोर बसून घ्यायला लाव. भिंतींना किमान दहा दिवस पाणी मारायला सालदाराला सांगून ठेवा. पावसाचं पाणी पायात मुरू नये म्हणून भोवती तीन फूट फरशी घालायची आहे, त्यात मिस्त्री कंजुषी करेल, करू देऊ नका. कोपरे गुण्यात, काटकोनात आहेत का ते मात्र बाबांनीच बघा, तुमच्यासारखी नजर त्याची नाही. आतले दोन्ही कर्ण 15 फूट साडेसात इंचांच्या आसपास यायला हवेत.

आणि आखणीची चुन्याची फक्की मारून झाली की पाया खोदायच्या आधी दोन्ही बाजा त्या रेषांच्या आत टाका आणि दोघं जरा आडवे होऊन बघा. अडचण वाटली तर त्याच दिवशी फोन करा. एक-दोन फूट वाढवणं तेव्हाच सोपं आहे.

तुमचा,
बाळू